लाइट आधी येते, नेटवर्क मागाहून

वाळूज एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यातून वर्षभरात मला चार-पाच वेळा एकच फोन आला. वेळ वेगळी, शिफ्टचा सुपरवायझर वेगळा, वाक्य मात्र तेच : "सर, लाइट आली, सर्व्हर पण चालू झाला, पण लेबल निघत नाही." लेबल म्हणजे खोक्यावर चिकटवायचा बारकोड. तो नसेल तर माल गेटबाहेर जात नाही आणि भरलेली गाडी तशीच उभी राहते. दर वेळी मी घरूनच लॉगिन करायचो, डेटाबेसची सेवा रीस्टार्ट करायचो आणि लेबलं निघू लागायची. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांत मिटत होतं म्हणूनच ते दुखणं वर्षभर अंगावर काढलं गेलं.

पाचव्या खेपेला रीस्टार्ट करायच्या आधी मी लॉग वाचला. तो डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस. त्याला दोन पत्त्यांवर कान देऊन बसायला सांगितलं होतं : एक सर्व्हरचा स्वतःचा अंतर्गत पत्ता आणि दुसरा कारखान्याच्या नेटवर्कमधला. दुसरा पत्ता राउटरकडून मिळायचा, राउटरमध्ये तो या सर्व्हरसाठी राखून ठेवलेला होता. सर्व्हरला एसएसडी डिस्क, त्यामुळे लाइट आल्यावर तो अर्ध्या मिनिटात उभा राहायचा. राउटरला दोन-तीन मिनिटं लागायची. पोस्टग्रेस जागा झाला तेव्हा दुसरा पत्ता यंत्रावर नव्हताच. त्याने लॉगमध्ये एक इशारा लिहिला आणि एकाच पत्त्यावर काम सुरू केलं. दोन्ही पत्ते नाकारले गेले असते तर तो पडला असता आणि कुणाला तरी कळलं असतं. एक चालला, म्हणून सेवेची स्थिती हिरवी, 'ॲक्टिव्ह, रनिंग'. लेबल छापणारी टर्मिनलं मात्र बाहेरून दार वाजवत होती आणि त्या दाराशी आत कुणीच बसलेलं नव्हतं.

लिनक्स सुरू होताना नेटवर्कवर अवलंबून असलेली सेवा नेटवर्कच्या आधी सुरू होणं, हा दोष जुना आहे आणि जगभर आहे. पण तो आपल्याकडे जास्त दिसतो, याला कारण आहे. मोठ्या डेटा सेंटरमध्ये एखादंच यंत्र रीस्टार्ट होतं, भोवतीचं नेटवर्क उभंच असतं. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यातल्या छोट्या युनिटमध्ये वळवाच्या पावसात लाइट जाते, यूपीएस अर्ध्या तासात बसतो, आणि लाइट परत येते तेव्हा सर्व्हर, स्विच, राउटर, फायबरचा मोडेम असे सगळे एकाच क्षणी, एकाच रेषेवरून धावायला लागतात. या शर्यतीत हल्लीचा सर्व्हर जवळपास नेहमी पहिला येतो. आणि पहिलं येणंच इथे नडतं.

वर हा दोष हाती लागायला फार अवघड. माणूस तक्रार ऐकून यंत्रापर्यंत पोहोचतो तोवर नेटवर्क आलेलं असतं. तो सेवा पुन्हा चालू करतो, ती चालते. परीक्षेच्या वेळी दोष हजरच नसतो. मग 'सर्व्हर जुना झालाय', 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे' अशी कारणं चिकटतात, आणि पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही.

पाण्यावरून आठवलं. संभाजीनगरच्या माणसाला 'पाणी आलं' या दोन शब्दांचे किती अर्थ होतात हे समजावून द्यावं लागत नाही. जायकवाडीचं पाणी काही दिवसांच्या खंडाने वॉर्डात सुटतं. व्हॉल्व्ह फिरला की व्हॉल्व्हमनच्या लेखी पाणी आलं. नळ आधी नुसती हवा फुसकारतो, मग गढूळ धार धरतो, तेव्हा तळमजल्यावर पाणी आलं. वरच्या टाकीत चढेल इतका दाब झाला की तिसऱ्या मजल्यावर पाणी आलं. घाईने आधीच मोटार लावून बसलेल्याची मोटार कोरडी फिरते आणि जळते.

'नेटवर्क आलं' हेही असंच थराथराने येतं. केबल जुळून पोर्टवरचा दिवा लागणं हा पहिला थर. दिवा लागला म्हणजे स्विच माहिती पुढे पाठवतोच असं नाही. जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू असलेला स्विच नव्या जोडणीला १५ सेकंद नुसता ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि ३० सेकंदांनी वाट मोकळी करतो. या काळात सर्व्हरला सगळं ठीक दिसतं, पण पाठवलेलं काहीच पोहोचत नाही. मग पत्ता मिळणं. आयपीव्ही६ असेल तर मिळालेला पत्ताही आधी तात्पुरता असतो : हा पत्ता दुसऱ्या कुणाकडे नाही ना, याची चौकशी यंत्र शेजाऱ्यांकडे करतं. त्याला साधारण सेकंदभर लागतो, आणि तेवढ्यात कुणी त्या पत्त्यावर बसायला गेलं तर नकार मिळतो. त्यानंतर बाहेरची वाट, मग नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस, आणि सगळ्यात शेवटी खरंखुरं इंटरनेट. आपल्या सेवेला यातला कुठला थर लागतो, हा पहिला प्रश्न. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी तो कुणी विचारलेलाच नव्हता.

पूर्वी हा प्रश्न विचारायची गरज फारशी पडत नव्हती. सिस्टिम-व्ही पद्धतीच्या सुरुवातीत प्रत्येक सेवेला क्रमांक असायचा आणि त्या क्रमाने एकेक सेवा उठायची. रेड हॅट ५ च्या काळातले आकडे मला अजून पाठ आहेत : नेटवर्क १०, एसएसएच ५५, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ६४, वेब सर्व्हर ८५. दहा नंबरची स्क्रिप्ट पत्ता मिळेपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत सगळ्यांना अडवून धरायची. स्विच उशीर लावत असेल तर 'लिंकडिले' नावाची एक ओळ लिहून आणखी काही सेकंद थांबवता यायचं. शिवाय फिरत्या हार्ड डिस्कवर ६४ नंबर येईपर्यंत तसाही वेळ जायचा. त्या संथपणाच्या आड अनेक चुका झाकल्या गेल्या होत्या.

मग दोन बदल झाले. लॅपटॉप आणि वायफाय आले, नेटवर्क कधीही येणार आणि कधीही जाणार हे गृहीत धरावं लागलं, आणि २००४ मध्ये रेड हॅटने नेटवर्क मॅनेजर आणला. दुसरा बदल सिस्टिमडी या सेवा उठवणाऱ्या नव्या व्यवस्थेचा. लेनार्ट पोएटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये त्याची कल्पना जाहीर मांडली. तिचा गाभा असा की सेवा रांगेत उभ्या करू नका, जमेल तेवढ्या एकदम उठवा, आणि ज्यांना खरोखर कुणाची वाट पाहायची आहे त्यांनी तसं लिहून सांगावं. मे २०११ मधल्या फेडोरा १५ पासून तो रूढ झाला, जून २०१४ मध्ये रेड हॅट ७ मध्ये आला, आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ या दोघांनीही तो घेतला. मी सांभाळत असलेले बरेच सर्व्हर सेंटओएस ६ वर होते. त्याचा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला तेव्हा ते हलवावे लागले, आणि वर्षानुवर्षं मुकाट चाललेल्या सेवा लाइट गेल्या-आल्यावर तोंडघशी पडू लागल्या. दोष नव्या व्यवस्थेवर ढकलला गेला. माझं मत वेगळं आहे. परावलंबन आधीपासून होतं, ते लिहिलेलं नव्हतं एवढंच.

लिहायला गेलं की पहिला खड्डा लागतो तो नावांचा. सिस्टिमडीत 'नेटवर्क टार्गेट' नावाचा एक टप्पा आहे. नाव वाचून वाटतं, याच्यानंतर सुरू केलं की नेटवर्क मिळणार. तसं नाही. नेटवर्क सांभाळणारी सेवा उठली आहे, एवढंच तो टप्पा सांगतो. पत्ता मिळाला की नाही याची हमी देत नाही. त्याचा खरा उपयोग यंत्र बंद होताना होतो : बंद होण्याचा क्रम उलटा असतो, त्यामुळे सेवा आधी थांबते आणि नेटवर्क नंतर जातं. जोडणी तयार होईपर्यंत थांबण्याचा टप्पा वेगळा आहे, 'नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट'. इथे दुसरा खड्डा. 'आफ्टर' म्हणजे नुसता क्रम. तो टप्पा कुणी मागवलाच नसेल तर त्याच्यानंतर येण्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून 'वॉन्ट्स' लिहून तो मागवावाही लागतो. दोन्ही ओळी हव्यात. एकीवर भागवलेली फाइल मी किती वेळा दुरुस्त केली असेल, याची मोजदाद नाही.

वाळूजच्या त्या सर्व्हरवर माझ्या आधीच्या कुणीतरी सर्वांत सोपा उपाय करून ठेवला होता : सेवेच्या आधी 'स्लीप ३०'. तो उपाय मी इतक्या ठिकाणी पाहिलाय, आणि तो करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. रात्री अकराला गाडी अडलेली असताना हातात येईल ते लावलं जातं. पण राउटरला तीन मिनिटं लागतात तिथे तीस सेकंद पुरत नाहीत, आणि नेटवर्क आधीच असतं त्या दिवशी ते तीस सेकंद फुकट जातात. आकडा वाढवत १२० वर नेला तर साधारण सेवेला सुरू होण्यासाठी दिलेली ९० सेकंदांची मुदत संपते आणि सिस्टिमडी ती सेवाच मारून टाकतो.

मी झोप काढून टाकली, दोन्ही ओळी लिहिल्या आणि निश्चिंत झालो. पुढच्या दोन वेळा लाइट गेली-आली आणि सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या वेळी पुन्हा फोन. आता कळलं की 'ऑनलाइन'ची वाटही अमर्याद नसते. नेटवर्क मॅनेजरची वाट पाहणारी सेवा साधारण ६० सेकंद थांबते, सिस्टिमडीची स्वतःची १२०. मुदत संपली की ती वाट पाहणारी सेवा अपयशी ठरते, पण तो टप्पा पार झालाच असं धरून पुढचं सगळं सुरू होतं. हे बरोबरच आहे. नेटवर्क नाही म्हणून यंत्र कायमचं अडकून पडलं तर त्याला दुरुस्त करायला शिरायचं कुठून? फक्त माझा राउटर त्या दिवशी मुदतीत आला नव्हता.

मग मी उलट्या बाजूने विचार केला. पोस्टग्रेसला विशिष्ट पत्त्यावरच बसायचा आग्रह का? सर्व पत्त्यांवर, म्हणजे ०.०.०.० वर बसायला सांगितलं तर यंत्रावर आत्ता कुठला पत्ता आहे याची त्याला पर्वा नसते. पत्ता मागाहून आला तरी त्यावरची विनंती त्याच्यापर्यंत पोहोचते. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे पोस्टग्रेसच्या परवानगीच्या फाइलीत आणि फायरवॉलमध्ये ठरवायचं. एक ओळ बदलली आणि त्या कारखान्याचा प्रश्न संपला.

या प्रश्नावर इतकी वर्षं काढल्यावर माझा कौल याच बाजूला पडतो : थांबवण्यापेक्षा सहन करायला शिकवा. नेटवर्क दुपारी दोनलाही जाऊ शकतं, फक्त सुरुवातीलाच नाही. जो प्रोग्राम सुरुवातीला नेटवर्क नसलं तरी टिकतो, तोच दुपारीही टिकतो. सिस्टिमडीच्या लेखकांनीही हेच सुचवलं आहे, आणि लिनक्समध्ये त्यासाठी सोयी आहेत. सॉकेटला 'फ्रीबाइंड' लावलं तर अजून न आलेल्या पत्त्यावरही बसता येतं. प्रोग्राम बदलता येत नसेल तर कर्नलची 'नॉनलोकल बाइंड' ही सेटिंग तेच काम सगळ्या यंत्रासाठी करते. पत्ता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फिरवणारे लोक ती नेहमी वापरतात. तिसरा मार्ग, पोर्ट सिस्टिमडीनेच उघडून धरायचं आणि कुणी दार वाजवलं की सेवा उठवायची. कल्पना जुनी, बीएसडी युनिक्सच्या आयनेटडीतली.

पण वाळूजला प्रत्येक प्रोग्राम मला लिहून घेता येत नाही. वजनकाट्याचं, तपासणी मशीनचं सॉफ्टवेअर विकत आलेलं असतं. कधी ते बनवणारी कंपनीच उरलेली नसते. अशा ठिकाणी 'सहन करा' हा सल्ला पुस्तकी ठरतो. तिथे उपाय एकच, पडलं की पुन्हा उठवा. आणि इथे एक बारकावा आहे जो मी स्वतः चुकून शिकलो. नुसतं 'रीस्टार्ट ऑन-फेल्युअर' लिहिलं तर सिस्टिमडी एक दशांश सेकंद थांबून सेवा पुन्हा उठवतो. लगेच पडणारी सेवा पाच वेळा उठते, पाच वेळा पडते, सेकंदभरात सगळं आटोपतं. दहा सेकंदांत पाचपेक्षा जास्त प्रयत्न नाहीत, असा नियम असल्याने तो तिला कायमची सोडून देतो. नेटवर्क तोवर यायला निघालेलंही नसतं. दोन प्रयत्नांमध्ये दहा-पंधरा सेकंद ठेवा, प्रयत्नांवरची मर्यादा काढा, मग राउटर पाच मिनिटांनी आला तरी चालतं.

एसएसएचचं उदाहरण तर लक्षात ठेवण्यासारखं आहे. सुरक्षेसाठी म्हणून काही जण एसएसएचला एकाच पत्त्यावर बसवतात. तो पत्ता सुरुवातीला नसेल तर एसएसएच २५५ हा क्रमांक देऊन बंद पडतो. आणि डेबियनच्या सेवा-फाइलीत लिहिलेलं आहे की २५५ आला तर पुन्हा उठवू नका. म्हणजे ज्या दाराने आत जाऊन दुरुस्ती करायची तेच दार बंद, आणि पैठण रोडवरच्या साइटवर रात्री गाडी काढून जायचं.

पत्ता मिळूनही घोडं अडतं ते नावांपाशी. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये मागच्या सर्व्हरचं नाव लिहिलेलं असेल तर तो सुरू होतानाच ते नाव सोडवायला जातो. डीएनएस उत्तर देत नसेल तर तो उठतच नाही, मग त्याच्याकडून जाणाऱ्या बाकीच्या दहा वेबसाइटचा त्या नावाशी संबंध असो वा नसो. स्थानिक सर्व्हरची नावं होस्ट फाइलीत लिहून ठेवणं मागासलेलं वाटतं. मी तरीही कारखान्यात तेच करतो.

घड्याळाचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. मशीनवरून आकडे गोळा करायला शॉपफ्लोअरवर रास्पबेरी पाय हे छोटे संगणक लावतात. पाय ५ च्या आधीच्या मॉडेलांत घड्याळच नाही. यंत्र बंद होताना किंवा अधूनमधून वेळ फाइलीत लिहून ठेवली जाते आणि सुरू होताना तीच वाचली जाते. लाइट सव्वातीनला गेली आणि साडेचारला आली, तर पायच्या लेखी अजून तीनच्या आसपासची वेळ आहे. नेटवर्क येऊन खरी वेळ मिळेपर्यंत निघालेले सगळे नग गेल्या शिफ्टच्या खात्यात पडतात. एका संध्याकाळी दोन सुपरवायझर माझ्यासमोर याच आकड्यांवरून वाद घालत होते, आणि दोघंही खरं बोलत होते. चूक भर दुपारी थांबलेल्या घड्याळाची होती. वेळ फार मागे असेल तर सुरक्षित जोडणीही जमत नाही, कारण समोरचं प्रमाणपत्र यंत्राला अजून लागूच झालेलं नसल्यासारखं दिसतं. सिस्टिमडीत 'टाइम-सिंक टार्गेट' आहे, पण वेळ जुळेपर्यंत थांबणारी जोड-सेवा वेगळी सुरू करावी लागते. नाहीतर तोही नावापुरता टप्पा राहतो. जमेल तिथे मी पायला बॅटरीचं छोटं घड्याळ लावून देतो. नोंद चुकीच्या वेळेची असण्यापेक्षा ते बरं.

नेटवर्कवरच्या डिस्कची गोष्ट थोडक्यात. आयस्कझीची डिस्क जोडताना 'नेटडेव्ह' हा शब्द लिहायचा राहिला की सिस्टिमडी तिला घरचीच डिस्क समजतो, नेटवर्कच्या आधी शोधतो, दीड मिनिट वाट पाहून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये टाकतो. उलट 'नोफेल' लिहून मोकळं झालं तर डिस्क जोडली गेली नाही हे कळतच नाही. बॅकअपचा प्रोग्राम रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्याच डिस्कवर, इमानाने बॅकअप लिहीत राहतो, ती भरेपर्यंत. बॅकअपच्या सेवेला 'ही जागा खरोखर जोडलेली असेल तरच चाल' अशी अट घालणं हा एका ओळीचा उपाय आहे.

आतापर्यंत सेवा लवकर उठल्याचं नुकसान पाहिलं. कधी नेटवर्कच लवकर येतं. फायरवॉलचे नियम बसायच्या आधी पत्ता मिळाला, तर काही क्षण यंत्र उघड्या दारांचं असतं. त्यासाठी 'नेटवर्क-प्री' असा टप्पा आहे आणि फायरवॉल त्याच्याही आधी उठवायची असते. वर मी पोस्टग्रेसला सगळ्या पत्त्यांवर बसवलं, ते या भरवशावर. हा भाग नीट नसेल तर तो उपाय करू नये.

आणि वाट पाहण्याचाही अतिरेक होतो. दोन नेटवर्क कार्डांच्या सर्व्हरवर एक रिकामं असेल तर उबुंटूच्या पडद्यावर 'नेटवर्कची वाट पाहत आहे' या अर्थाची ओळ दोन मिनिटं सरकत राहते. माणसाला वाटतं, यंत्र अडकलं. तो बटण दाबून बंद करतो, आणि आता खरंच बिघडतं. त्या कार्डाला नेटप्लॅनमध्ये 'ऑप्शनल' लिहिलं की प्रश्न मिटतो. विंडोजलाही हे चुकलेलं नाही. व्हिस्टापासून तिथे सेवा 'डिलेड स्टार्ट' करता येते, म्हणजे साधारण दोन मिनिटं उशिरा. शेवटी तीही झोपच. अल्पाइन आणि जेंटूमधल्या ओपनआरसीत सेवा 'मला नेट हवं' असं लिहिते. रनइट तर क्रमाच्या भानगडीतच पडत नाही. जे पडेल ते दर सेकंदाला उठवत राहतो, आणि कधीतरी नेटवर्क येतंच. लहान यंत्रांसाठी मला हा हट्टीपणा आवडतो.

त्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला. सर्व्हर आधी चालू केला, राउटरचा प्लग हातात धरून ठेवला. पाच मिनिटांनी प्लग लावला, आणखी तीन मिनिटांनी टर्मिनलवर लॉगिनचा पडदा आला, प्रिंटरमधून लेबल सरकलं. कुठलीही सेवा हाताने उठवावी लागली नाही. रॅकच्या दारावर कुणीतरी निळ्या पेनने लिहून चिकटवलेला कागद होता : आधी मोडेम, मग स्विच, दोन मिनिटं थांबा, मग सर्व्हर. सुपरवायझरने विचारलं, "सर, हा काढू का आता?" मी नको म्हणालो. वजनकाट्याचा प्रोग्राम अजून सुरू होताना एकदाच पत्ता वाचतो आणि पुन्हा पाहत नाही. त्याच्यासाठी दर मिनिटाला तपासून उठवणारा टायमर लावलाय, पण प्रोग्राम बनवणाऱ्यांकडून नवी आवृत्ती येईपर्यंत तो कागद तिथेच राहू द्या, असं त्याला सांगून आलो.